मंडळाबाहेरची मंडळं

मराठी माणूस घर सोडून लांब गेला की आधी राहायला जागा शोधतो, मग किराणा दुकान आणि मग मंडळ. मंडळ नसलं तर काढतो, आणि असलं तरी दुसरं काढतो, हा आपला जुना विनोद. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव इथेही आपल्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. मंडळ कशासाठी लागतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. गणपती, दिवाळीचा फराळ, नाटकाचा प्रयोग ही झाली निमित्तं. खरं काम वेगळंच असतं. नव्याने आलेल्या मुलाला खोली मिळवून देणं, कुणाच्या आजारपणात डबा पोचवणं, आणि 'तू कुणाचा रे?' असं विचारून दोन मिनिटांत ओळख काढणं.

हा लेख अशाच काही मंडळांबद्दल आहे. फरक एवढाच, की यांच्या सभासदांना 'तू कुणाचा?' हा प्रश्न सोपा जातो आणि 'लग्न कधी?' हा अवघड. समलिंगी, म्हणजे ज्यांना आपण गे आणि लेस्बियन म्हणतो, अशा भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकन मुलामुलींनी परदेशात काढलेली ही मंडळं. ती का निघाली, त्यांनी नेमकं काय केलं, आणि त्यातलं किती पुण्या-मुंबईपर्यंत पोचलं, याची ही हकिगत.

मी आयटीत आहे. या हकिगतीतली काही माणसं आमच्याच धंद्यातली आहेत, हे त्यात रस वाटण्याचं एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपल्या घरांतून दरवर्षी मुलं-मुली शिकायला, नोकरीला बाहेर पडतात. कुणी पुण्याला, कुणी बंगळूरला, कुणी थेट अमेरिकेला. त्यांच्यातली काही समलिंगी असतात. 'आपल्यात असं काही नसतं' हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. ते वाक्य ऐकणाऱ्यांत कधीकधी तो मुलगाही बसलेला असतो.

१९८६, कॅलिफोर्निया

जानेवारी १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'त्रिकोण' नावाचं एक छोटं वार्तापत्र निघालं. अरविंद कुमार आणि सुवीर दास या दोन तरुणांचा हा उद्योग. नाव मुद्दाम निवडलेलं. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवला जाई. सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य समलिंगी चळवळीने तीच खूण अभिमानाने स्वीकारली. या दोघांनी त्या खुणेला आपल्या भाषेतला शब्द दिला, जो मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती कुणालाही कळेल. वार्तापत्राचं पुढे मासिक झालं, मासिकाभोवती संस्था उभी राहिली. दक्षिण आशियाई समलिंगी लोकांची जगातली सर्वांत जुनी चालू संस्था म्हणून 'त्रिकोण'चं नाव घेतलं जातं.

'अमेरिकेत काय, तिथे सगळं चालतं' असं आपल्याला वाटतं. १९८६ ची अमेरिका तशी नव्हती. समलिंगी परदेशी व्यक्तीला देशात प्रवेश नाकारण्याची तरतूद तेव्हा अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात होती. ती निघाली १९९० च्या कायद्याने. १९८६ च्याच जून महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जिया राज्याचा कायदा वैध ठरवला. तो निर्णय फिरला २००३ साली. त्यात एड्सची भीती पसरलेली. अशा वेळी व्हिसावर राहणाऱ्या एखाद्या भारतीय इंजिनिअरने या वार्तापत्रासाठी आपलं नाव-पत्ता कळवणं म्हणजे नोकरी, व्हिसा आणि गावाकडची अब्रू, तिन्ही पणाला लावणं होतं.

'हे पाश्चात्त्यांचं फॅड' असं म्हणणाऱ्यांसाठीही एक नोंद करून ठेवतो. आपल्याकडचं कलम ३७७ ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं होतं. पश्चिमेकडून आपल्याकडे लेखी स्वरूपात आधी आली ती मनाई.

दोन दारं, दोन्हीकडे परकं

प्रश्न असा, की सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात समलिंगी लोकांच्या संस्था आधीपासून होत्या. मग वेगळी चूल कशाला?

कारण या मुलांना दोन्ही दारांतून आत जाता येत होतं, पण दोन्हीकडे अर्धंच. भारतीयांच्या कार्यक्रमाला गेलं तर भाषा आपली, जेवण आपलं, गाणी आपली. पण स्वतःबद्दल एक अक्षर बोलायची सोय नाही. गोऱ्या समलिंगी मंडळींत गेलं तर त्या विषयावर मोकळेपणा. पण तिथे घरचं काही सांगायला गेलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. 'आईवडिलांना सांगून टाक. नाही पटलं तर तू तुझं आयुष्य जग.' हा सल्ला तिथे सर्रास मिळे. अठराव्या वर्षी घराबाहेर पडणं ज्यांच्यात रीतच आहे, त्यांच्यासाठी तो ठीकही असेल. आपल्या मुलासाठी 'घर सोड' याचा अर्थ आई, बाबा, आजी, मामेभावंडं, सणवार, भाषा, सगळंच सोड. शिवाय आपल्याकडे लग्न हा एकट्या मुलाचा विषय नसतो. धाकट्या बहिणीचं स्थळ अडेल, भावकीत बोलणी होतील, आईला हळदीकुंकवाला जाणं अवघड होईल, हे सगळं त्याच्या डोक्यात आधीच फिरत असतं.

मुलींचा पेच आणखी कठीण. लग्न करून अमेरिकेत आलेल्या आणि पतीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या अनेक बायकांना तिथे नोकरी करायची परवानगीच नव्हती. त्यातल्या काहींना ती मिळू लागली २०१५ पासून. त्याआधी अशी एखादी स्त्री समलिंगी असली तर स्वतःचे पैसे नाहीत, स्वतःचा व्हिसा नाही आणि सांगायला माणूस नाही, अशी तिची स्थिती. तरीही, किंवा म्हणूनच, बायकांनी फार लवकर सुरुवात केली. १९८५ च्या सुमारास, 'त्रिकोण'च्याही आधी, अमेरिकेत दक्षिण आशियाई स्त्रियांनी 'अनामिका' नावाचं वार्तापत्र काढलं होतं. अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. बाईने बाईवर प्रेम करणं याला घरात उच्चारता येईल असा शब्दच नव्हता, तर तेच नाव घेऊ, असा त्यामागचा विचार.

या संस्थांची नावं एकापुढे एक ठेवून पाहावीत अशी आहेत. अनामिका, त्रिकोण, शक्ती, खुश, नाझ, सतरंग. जवळजवळ प्रत्येकीने पहिलं काम केलं ते घरातला शब्द शोधण्याचं.

लंडन, टोरांटो, न्यूयॉर्क

लंडनमध्ये १९८८ साली 'शक्ती' सुरू झाली. शिवानंद खान आणि पौलोमी देसाई ही तिच्या संस्थापकांतली प्रमुख नावं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कलम २८ आलं. शाळा आणि नगरपालिकांनी समलैंगिकतेला 'उत्तेजन' देऊ नये, असं सांगणारा हा कायदा. म्हणजे सरकारी मदतीचा रस्ता अरुंद होत असताना ही मंडळी एकत्र येत होती. शिवानंद खान यांनी १९९१ साली 'नाझ प्रोजेक्ट' काढला. कारण अगदी व्यवहारातलं होतं. एचआयव्हीबद्दलची माहिती इंग्रजी पत्रकांतून येत होती, आणि ती दक्षिण आशियाई घरांपर्यंत पोचत नव्हती. भाषा अडत होती आणि लाजही. आपल्या भाषांत, आपल्या माणसांकडून ती पोचवणं हे 'नाझ'चं काम. नाझ म्हणजे अभिमान.

टोरांटोत १९८७ साली 'खुश' निघाली. इंग्रजीत 'गे' या शब्दाचा जुना अर्थ आनंदी, म्हणून हे नाव. या मुलांनी १९८८ साली 'सलाम टोरांटो' हा कार्यक्रम केला. त्यातून पुढे 'देश परदेश' हा कला महोत्सव उभा राहिला आणि तो २००१ पर्यंत चालला. तिथे फक्त समलिंगी लोक येत नसत. कॅनडात वाढलेल्या, नाटक, सिनेमा, लेखन करणाऱ्या दक्षिण आशियाई पिढीचं ते व्यासपीठ झालं. बाहेर ठेवलेल्यांनी मांडलेल्या मांडवात बाकीचा समाज येऊन बसला, असं हे उदाहरण.

न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली 'सालगा' ही संस्था सुरू झाली. तिच्या वाट्याला एक वेगळी लढाई आली. ऑगस्ट महिन्यात मॅनहॅटनच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर भारताच्या स्वातंत्र्यदिनाची मोठी मिरवणूक निघते. वेगवेगळ्या राज्यांची मंडळं, चित्ररथ, ढोल, सगळा थाट. 'सालगा'ने त्यात चालायची परवानगी मागितली. नव्वदच्या दशकात ती अनेकदा नाकारली गेली. मग ही मंडळी रस्त्याच्या कडेला फलक घेऊन उभी राहत. २००० साली त्यांना मिरवणुकीत चालता आलं. मागणी काय होती ते पाहा. वेगळी मिरवणूक नको होती, विशेष मान नको होता. तिरंग्याच्या मागे, आपल्याच लोकांत, आपल्या नावाने चालायचं होतं.

पुढे लॉस एंजेलिस, बोस्टन, शिकागो, वॉशिंग्टन, सिअ‍ॅटल अशा बहुतेक मोठ्या शहरांत अशा संस्था झाल्या. जिथे आपले लोक नोकरीसाठी गेले, तिथे काही वर्षांच्या अंतराने त्या उगवलेल्या दिसतात. आपल्या मंडळांचा नकाशा आणि त्यांचा नकाशा बराचसा सारखाच आहे.

बैठकीत होतं काय?

बाहेरून पाहणाऱ्याला मिरवणूक आणि इंद्रधनुषी झेंडा दिसतो, कारण फोटो त्याचेच छापून येतात. रोजचं काम मात्र अगदी साधं असतं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. नाव सांगायची सक्ती नाही. इथे बोललेलं बाहेर जायचं नाही. फोनवर बोलायला एखादा स्वयंसेवक.

माझा इंजिनिअरिंगचा एक वर्गमित्र अमेरिकेत अशा एका गटात जाऊ लागला. त्याच्या परवानगीने, नाव-गाव न देता लिहितो. तो म्हणाला, "आपल्या कंपनीत या विषयावर चांगली धोरणं आहेत, इंग्रजीत मी हे सहज बोलू शकत होतो. पण बाबांशी बोलायचं म्हटलं की मला वाक्यच सापडत नव्हतं. मराठीत या विषयावर मी आयुष्यात फक्त शिव्या ऐकल्या होत्या." गटात त्याला एक वयाने बरेच मोठे मराठी गृहस्थ भेटले. त्यांनी त्याच्याशी बसून, शब्दशः, आईवडिलांशी काय बोलायचं याची मराठीत तयारी करून घेतली.

त्या तयारीतल्या काही गोष्टी त्याने मला सांगितल्या. त्या इथे देतो, कारण आपल्या वाचकांत कुणाला तरी त्यांचा उपयोग होईल.

एकदम सगळ्यांना सांगायचं नाही. आधी एकच माणूस निवडायचा. बहुतेकदा बहीण, मावशी, आत्या असं कुणीतरी. तो माणूस नंतर आईवडिलांचाही आधार होतो.

सणाच्या, लग्नकार्याच्या किंवा घरात आजारपण असतानाच्या दिवसांत सांगायचं नाही. भांडणाच्या भरात तर अजिबात नाही.

जो अजून घरच्यांवर अवलंबून आहे त्याने घाई करायची नाही. स्वतःची कमाई आणि गरज पडली तर चार दिवस राहायला जागा, एवढी सोय आधी बघायची.

आईवडिलांना त्यांच्या भाषेतलं काहीतरी वाचायला द्यायचं. इंग्रजी व्हिडिओ पाठवून भागत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, त्यांना वेळ द्यायचा. 'तुला स्वतःला हे मान्य करायला दहा वर्षं लागली, त्यांनी दहा मिनिटांत मान्य करावं ही अपेक्षा कशी चालेल?' हे त्या काकांचं म्हणणं.

या सल्ल्यात घर सोडायला कुठेही सांगितलेलं नाही. घर तुटू न देता खरं कसं सांगायचं, याचा हा सगळा विचार आहे. आशियाई घरांसाठी वेगळ्या संस्था का लागल्या, या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. माझ्या मित्राने दोन वर्षांपूर्वी घरी सांगितलं. आई बोलते, बाबा अजून त्या विषयावर बोलत नाहीत, पण फोन ठेवताना 'जेवण वेळेवर करत जा' एवढं म्हणतात. हा काही सिनेमातला शेवट नव्हे. पण दर रविवारचा फोन चालू आहे.

त्रिकोणातून समपथिकापर्यंत

ही सगळी गोष्ट परदेशातच राहिली असती, तर मी या अंकासाठी लिहिली नसती. पण माणसं जातात तशी परतही येतात.

पुण्याचे बिंदुमाधव खिरे नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेत होते. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा 'त्रिकोण'शी संबंध आला. ते पुण्यात परतले आणि २००२ साली त्यांनी 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला. समपथिक, म्हणजे एकाच वाटेने चालणारा. पुन्हा शब्द शोधण्यापासूनच सुरुवात. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं होतं आणि १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला होता. मुंबईतच १९९५ साली स्त्रियांचा 'स्त्री संगम' हा गट निघाला, त्याचंच पुढे 'लेबिया' झालं. खिरे यांचं वैशिष्ट्य असं, की त्यांनी हे काम मराठीत केलं. पुण्यात हेल्पलाइन चालवली, आणि मराठीत पुस्तकं लिहिली. त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी, व. पु. काळ्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीहून वेगळी, एका समलिंगी मुलाच्या घडण्याची गोष्ट सांगते. 'मनाचिये गुंती' या पुस्तकात समलिंगी मुलामुलींचे आईवडील आणि नातेवाईक आपले अनुभव सांगतात. माझ्या मित्राने घरी वाचायला दिलं ते हेच.

मराठीला हा विषय तसा अगदीच नवा नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं होतं. त्यात एका मुलीचं मुलीवर प्रेम आहे. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' एका मराठी घरातच घडते. शब्द साहित्यात होते. स्वयंपाकघरात आणि दिवाणखान्यात नव्हते. ते तिथपर्यंत नेण्याचं काम अशा संस्थांनी केलं.

बडोद्याच्या वाचकांना हे ठाऊक असेल, की 'लक्ष्य ट्रस्ट' २००० पासून त्यांच्याच शहरात काम करतो. राजपिपळ्याचे मानवेंद्रसिंह गोहिल त्याच्या संस्थापकांपैकी. २००६ साली त्यांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा देशभर बातमी झाली. पण संस्थेचं काम त्याआधी सहा वर्षं शांतपणे चालूच होतं.

आता आईवडिलांची मंडळं

गेल्या काही वर्षांत यात एक नवी भर पडली आहे, आणि मला ती सर्वांत आशेची वाटते. आता आईवडीलच मंडळं काढू लागले आहेत.

मूळ कल्पना अमेरिकेतली. जीन मॅनफर्ड या न्यूयॉर्कच्या शाळाशिक्षिका. १९७२ साली त्या आपल्या समलिंगी मुलाबरोबर मिरवणुकीत हातात फलक घेऊन चालल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पालकांची पहिली बैठक घेतली, वीसेक माणसं आली. त्यातून 'पीफ्लॅग' ही संस्था वाढली. पण आपले आईबाबा अशा इंग्रजी बैठकीत जाऊन अनोळखी गोऱ्या लोकांपुढे मन मोकळं करतील, हे अवघडच. म्हणून तिथल्या आशियाई पालकांनी आपले वेगळे गट केले. अरुणा राव यांनी २०१७ साली सुरू केलेली 'देसी रेनबो पेरेंट्स अँड अलाइज' ही त्यातली दक्षिण आशियाई कुटुंबांसाठीची संस्था. तिच्या बैठका ऑनलाइनही होतात, त्यामुळे चेहरा न दाखवताही आधी नुसतं ऐकता येतं.

भारतात २०१७ सालीच 'स्वीकार - द रेनबो पेरेंट्स' हा पालकांचा गट मुंबईत सुरू झाला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाचा खटला चालू असताना या गटातर्फे चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांना पत्र लिहिलं. आपल्या हयातीत आपल्या मुलांच्या नात्याला कायद्याची मान्यता मिळालेली पाहायची इच्छा त्यात होती. चारशे आईबाप. त्यांच्यातल्या अनेकांनी कधीकाळी 'आपल्यात असं काही नसतं' असंच म्हटलं असणार.

पालक गटात पालकांना पहिली गोष्ट सांगतात ती डॉक्टरांची. कारण बहुतेक घरांत पहिली धाव डॉक्टरकडे, नाहीतर बाबा-बुवाकडे असते. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून १९९० सालीच काढलं. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हा आजार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मदुराईच्या दोन मुली घरच्यांच्या भीतीने चेन्नईला गेल्या, तिथे संस्थांनी त्यांना आसरा दिला. त्यांच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आपल्याला हा विषय नीट माहीत नाही असं मान्य करून आधी स्वतः समुपदेशन घेतलं आणि मग २०२१ साली आदेश दिले. त्यातूनच पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली, समलिंगी माणसाला 'बरं' करण्याचे उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं ठरवलं. तेव्हा असा इलाज करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडे मुलाला नेऊ नये, एवढं प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं.

कायद्याची आजची स्थितीही थोडक्यात सांगतो. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मात्र मिळाला नाही. २०२४ साली केंद्र सरकारने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला आडकाठी नाही. बाकी बऱ्याच गोष्टी अजून कुटुंबाच्या समजूतदारपणावरच चालतात. म्हणून कुटुंबाशी बोलणाऱ्या संस्थांची गरज कायदा बदलला तरी संपलेली नाही.

आपल्या मंडळाने काय करावं?

आपल्या संस्थांनी यासाठी वेगळा विभाग काढावा, असं माझं म्हणणं नाही. अगदी आवाक्यातल्या तीन गोष्टी सुचवतो.

एक, वाचनालयात वर उल्लेखलेली मराठी पुस्तकं ठेवावीत. कुणी नाव नोंदवून घरी नेणार नाही कदाचित, पण तिथेच बसून चाळेल. ते कपाटात दिसणं हाच एक निरोप असतो.

दोन, दरवर्षीच्या व्याख्यानमालेत एखाद्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञाला या विषयावर बोलवावं. मधुमेह आणि गुडघेदुखीवर आपण व्याख्यानं ठेवतोच. शेवटी प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत, म्हणजे विचारणाऱ्याला उभं राहावं लागणार नाही.

तीन, वधूवर मेळाव्यांबद्दल. हे लिहिताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका तिसऱ्या माणसाची. घरच्यांच्या दडपणाखाली समलिंगी मुलाचं लग्न लावून दिलं, की त्या मुलाबरोबर एका मुलीचंही आयुष्य जातं, आणि तिला बिचारीला कारणही कळत नाही. मुलगी समलिंगी असेल तरी तेच. 'लग्न झालं की सगळं ठीक होतं' हे आपल्याकडचं आवडतं औषध आहे, आणि त्याची किंमत बाहेरून आलेली व्यक्ती मोजते. जो मुलगा किंवा जी मुलगी वारंवार, शांतपणे 'मला लग्न करायचं नाही' असं सांगते, तिचं नाव नोंदवण्याआधी घरच्यांनी एकदा तरी, दार लावून, न रागावता विचारावं, 'का?' आणि उत्तर काहीही आलं तरी त्या रात्री जेवायला एकत्र बसावं.

तरुण वाचकांसाठी शेवटची गोष्ट. तुमच्यापैकी कुणी पुढच्या वर्षी परदेशी जाणार असेल, तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाचे सभासद जरूर व्हा. तिथे तुमच्या शेजारी एखादा मुलगा बसलेला असेल, जो दुसऱ्याही एका मंडळाचा सभासद असेल आणि ते कुणाला सांगत नसेल. त्याला 'लग्न कधी?' असं विचारू नका. कुठला आहेस, कुठे राहतोस, जागा मिळाली का, एवढं विचारा. मंडळात पहिल्या दिवशी तेच तर विचारायचं असतं.